चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला शास्त्रज्ञ : आल्फ्रेड रसेल वॉलेस

जानेवारी २०१८ ची गोष्ट. तेव्हाच्या केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्र्यांनी औरंगाबादमध्ये (आताचे छत्रपती संभाजीनगर) डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा ठरवून टाकला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही, एवढाच काय तो त्यांचा पुरावा. ज्या शहरात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, ज्या महाविद्यालयाला त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले, त्याच शहरात हे घडले. शास्त्रज्ञांनी निषेध केला, चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. पाच वर्षांनी एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच काढून टाकला. तेव्हाही अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र काढून विरोध केला. आपल्या चळवळीत मात्र यावर फारसे कुणी बोलले नाही.

आम्हाला या विषयाकडे वळवले ते मंत्र्यांनी नव्हे, तर आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाने. त्याने विचारले की, निसर्गच जर लायक जीवाला ठेवतो आणि नालायकाला संपवतो, तर समाजात जे वर आहेत ते लायक म्हणूनच वर आहेत ना? मग समतेची मागणी निसर्गाच्या विरुद्ध नाही का? मुलगा आपलाच, इंजिनिअरिंगला शिकणारा. तो चेष्टा करत नव्हता. कॉलेजात आरक्षणाच्या वादात कुणीतरी त्याला हेच ऐकवले होते आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याकडेही नव्हते. पुढे वाचत गेलो तेव्हा डार्विनच्या शेजारी उभा असलेला एक माणूस सापडला. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनइतकाच स्वतंत्रपणे शोधणारा आणि आयुष्यभर गरिबांच्या बाजूने उभा राहिलेला. आल्फ्रेड रसेल वॉलेस. त्याचे आयुष्य इथे सांगतो आहोत.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. नऊ भावंडांतला तो आठवा. वडील कायदा शिकलेले, पण वकिली कधी केली नाही. होता तो पैसा चुकीच्या व्यवहारांत गेला आणि कुटुंब घरे बदलत बदलत खाली उतरत राहिले. हर्टफर्डच्या शाळेत शेवटच्या वर्षी फी परवडेना, म्हणून आल्फ्रेडला शिकता शिकता लहान मुलांना शिकवायला लावले गेले. वर्गमित्रांच्या देखत अर्धा विद्यार्थी आणि अर्धा नोकर होण्याची ती लाज म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही त्याच्या मनातून गेली नव्हती. चौदाव्या वर्षी शाळा कायमची सुटली. त्यानंतर त्याने कुठल्याही शाळा-कॉलेजात शिक्षण घेतले नाही.

लंडनमध्ये मोठा भाऊ जॉन सुतारकाम शिकत होता. आल्फ्रेड काही महिने त्याच्यासोबत राहिला. संध्याकाळी ते दोघे कामगारांच्या एका सभागृहात जात. तिथे रॉबर्ट ओवेनच्या समाजवादी विचारांवर व्याख्याने होत, धर्मग्रंथांची चिकित्सा होई. माणूस जन्माने चांगला-वाईट नसतो, परिस्थिती त्याला घडवते, हे ओवेनचे म्हणणे या पोराच्या डोक्यात तिथेच पक्के बसले. पुढे जो सिद्धांत त्याने मांडला त्यातही परिस्थितीलाच केंद्रस्थान आहे, हा आम्हाला निव्वळ योगायोग वाटत नाही.

नंतर दुसरा भाऊ विल्यम याच्या हाताखाली तो जमीन मोजणीच्या कामाला लागला. साखळी ओढायची, नकाशे काढायचे, गावोगाव पायी फिरायचे. तो काळ इंग्लंड-वेल्समध्ये गावाची सामाईक जमीन कुंपणे घालून बड्या जमीनदारांच्या नावावर करण्याचा होता. ज्या कुरणावर गरिबाची एखादी गाय चरायची ते एका कायद्याने बंद व्हायचे, आणि त्यासाठी मोजणी करणाऱ्यांत वॉलेसही होता. तेव्हा त्याला त्यात वावगे वाटले नाही. पुढे मात्र त्याने या सगळ्याला गरिबांची लूट म्हटले आणि १८८१ मध्ये जमिनीचे राष्ट्रीयीकरण मागणाऱ्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला.

मोजणी करताना रानातली फुले दिसत, नावे माहीत नसत. त्याने एका शिलिंगला मिळणारे पातळ पुठ्ठ्याचे वनस्पतिशास्त्राचे पुस्तक घेतले आणि त्यावरून झाडे ओळखायला शिकला. नीथ या गावात कामगारांसाठी चालणाऱ्या संस्थेत वाचले, तिथेच व्याख्यानेही दिली. नंतर त्या संस्थेची इमारत जॉन आणि त्यानेच आखली. वस्तीतल्या अभ्यासिकेत बसून शिकलेल्यांना ही वाट अनोळखी वाटणार नाही.

१८४४ मध्ये लेस्टरच्या शाळेत त्याला मास्तरकी मिळाली. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात दोन गोष्टी घडल्या. एक, त्याने माल्थसचा लोकसंख्येवरचा ग्रंथ वाचला. दुसरी, हेन्री बेट्स नावाचा त्याच्याच वयाचा, होजिअरीच्या धंद्यातल्या घरचा मुलगा त्याला भेटला. बेट्सला भुंगेऱ्यांचा नाद होता. एका गावाच्या आसपास भुंगेऱ्यांचे शेकडो प्रकार असतात हे पाहून वॉलेस चकित झाला आणि प्रश्न पडला की एवढे प्रकार हवेत कशाला? देवाने प्रत्येक प्रकार वेगळा घडवला हे चर्चचे उत्तर त्याला पटत नव्हते. तोवर उत्क्रांतीची कल्पना नवी राहिली नव्हती. जीव बदलत आले असावेत असे म्हणणारी पुस्तके निघाली होती. पण बदलतात ते कसे, हे कुणालाच सांगता आले नव्हते.

उत्तर शोधायला ही दोन पोरे १८४८ मध्ये थेट ॲमेझॉनच्या जंगलात गेली. खर्चाची सोय अशी की पक्षी, किडे, फुलपाखरे पकडून लंडनच्या दलालाकडे पाठवायची आणि विक्रीच्या पैशावर जगायचे. डार्विन बीगल जहाजावरून गेला तो वडिलांच्या पैशावर. वॉलेस एकेक किडा विकून पुढे सरकत होता. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट तिथेच १८५१ मध्ये पीतज्वराने गेला, तेव्हा वॉलेस नदीच्या वरच्या अंगाला होता. १८५२ मध्ये परत निघाला तर भर समुद्रात जहाजाला आग लागली. नमुने, वह्या, चित्रे, पिंजऱ्यातली माकडे आणि पोपट, सगळे डोळ्यांदेखत जळाले. दहा दिवस गळक्या होडीत काढल्यावर एका जहाजाने त्यांना उचलले. दलालाने स्वतःहून उतरवलेला २०० पौंडांचा विमा होता म्हणून निदान पोटाला मिळाले.

जळाले ते जळाले, पण डोक्यातले वाचले होते. परतल्यावर त्याच वर्षी त्याने ॲमेझॉनच्या माकडांवर एक निबंध वाचला. मोठ्या नदीच्या एका काठावर माकडाचा एक प्रकार आणि पलीकडच्या काठावर त्याचाच चुलतभाऊ शोभेल असा दुसरा, असे त्याने पाहिले होते. हवा तीच, झाडे तीच. मग देवाने दोन काठांना दोन माकडे वाटून दिली का? जमीन मोजणाऱ्या माणसाला हद्दीचा प्रश्न पडला हे साहजिकच म्हणायचे.

१८५४ मध्ये तो पुन्हा निघाला, या वेळी मलाय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर या भागात. आठ वर्षे तो बेटाबेटांवर फिरला. १,२५,६६० नमुने गोळा केले. १८५५ मध्ये सारावाकला पावसात अडकून पडला असताना त्याने एक निबंध लिहिला. नवी प्रजाती कुठेही एकाएकी उगवत नाही, ती नेहमी तिच्यासारख्याच जुन्या प्रजातीच्या जवळ, त्याच प्रदेशात आणि तिच्या पाठोपाठच्या काळात दिसते, हा त्याचा निष्कर्ष. एका झाडाला फांद्या फुटाव्यात तसे. पुढच्या वर्षी तो बालीहून लोंबोकला गेला. मध्ये जेमतेम पस्तीस किलोमीटरची सामुद्रधुनी. बालीत आशियातले पक्षी, सुतार, तांबट वगैरे. लोंबोकला उतरताच ऑस्ट्रेलियाचे वाटावेत असे काकाकुवा. ही सामुद्रधुनी अतिशय खोल आहे. समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा बाली आशियाच्या जमिनीला जोडले गेले, लोंबोक कधीच जोडले गेले नाही. लाखो वर्षे दोन्हीकडचे जीव एकमेकांना भेटलेच नाहीत. आज नकाशावर तिथून जाणाऱ्या रेषेला वॉलेस रेषा म्हणतात.

आता राहिला होता तो कसे हा प्रश्न. फेब्रुवारी १८५८ मध्ये तो मोलुकाच्या बेटांवर तापाने पडला होता. बाहेर उकाडा असूनही अंगावर घोंगड्या घेऊन कुडकुडत होता आणि त्या अवस्थेत त्याला चौदा वर्षांपूर्वी वाचलेला माल्थस आठवला. रोगराई, दुष्काळ, युद्ध यांमुळे माणसांची संख्या आटोक्यात राहते, असे माल्थसने म्हटले होते. वॉलेसच्या मनात आले, प्राणी तर माणसांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. मग दरवर्षी त्यांच्यातले प्रचंड संख्येने मरत असले पाहिजेत. काही मरतात आणि काही वाचतात, ते कशावरून ठरते? उतरत्या तापात त्याला उत्तर दिसले आणि पुढच्या दोन संध्याकाळी त्याने ते लिहून काढले.

उत्तर समजायला अवघड नाही, पण नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा घोळ इथेच होतो. एकाच आईबापांची पिल्ले एकसारखी नसतात. कुणाचा रंग थोडा मातकट, कुणाची चोच थोडी लांब, कुणाला थंडी जास्त सोसते. हे फरक कुणाच्या इच्छेने येत नाहीत आणि त्यांतले काही पुढच्या पिढीत उतरतात. ज्या परिस्थितीत तो जीव राहतो तिथे एखादा फरक उपयोगी पडला, तर तो घेऊन जन्मलेले जास्त जगतात आणि त्यांना जास्त पिल्ले होतात. हजारो पिढ्यांनी तो फरक सगळ्यांत पसरतो. वॉलेसने जिराफाचे उदाहरण दिले. मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली नाही. ज्यांची मान जन्मतःच जराशी लांब होती ते दुष्काळात वरचा पाला खाऊन जगले, इतकेच. यात कुणी निवडणारा बसलेला नाही, कुठे पोहोचायचे हे ठरलेले नाही आणि वर-खाली अशी उतरंडही नाही. परिस्थिती बदलली की कालचा गुण आज अडचण होतो.

यातून सामर्थ्यवानच टिकतो असा अर्थ काढायचा तर वॉलेसच्याच एका कामाकडे पाहावे. काही सुरवंट भडक रंगाचे, लांबून उठून दिसणारे असतात. पक्ष्यांना आयते सापडणारे हे जीव टिकले कसे, हे डार्विनला सुटत नव्हते. त्याने वॉलेसला विचारले. वॉलेसने १८६७ मध्ये तर्क मांडला की हे सुरवंट चवीला घाण असले पाहिजेत आणि रंग हा पक्ष्यांना दिलेला इशारा असला पाहिजे. एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या रंगाला पुन्हा चोच लावणार नाही. जेनर वीअर नावाच्या अभ्यासकाने पाळलेल्या पक्ष्यांपुढे सुरवंट टाकून पाहिले आणि १८६९ मध्ये कळवले की तर्क बरोबर आहे. मऊ अंगाचा, ना दात ना नखे असलेला सुरवंट टिकतो. बळी तो कान पिळी हा निसर्गाचा कायदा नाही. ती गावातल्या दांडग्यांची म्हण आहे.

आता हाच जीवसमूह डोंगराने, नदीने किंवा समुद्राने दोन भागांत तुटला असे समजा. इकडे खायला कठीण कवचाच्या बिया, तिकडे मऊ फळे. इकडे साप, तिकडे ससाणे. दोन्हीकडे वेगळे फरक उपयोगी पडत जातात, साचत जातात. लाखभर वर्षांनी दोन्ही समूह समोरासमोर आले तरी त्यांची जोडी जमत नाही, किंवा जमली तरी संतती दुबळी वा वांझ निघते. मग त्या दोन प्रजाती झाल्या. १८८९ च्या आपल्या ग्रंथात वॉलेसने आणखी एक पाऊल पुढे टाकले. संकरित पिल्ले दुबळी निघत असतील, तर आपल्याच प्रकारात जोडी जमवणाऱ्यांची वंशवेल जास्त फुलेल आणि दोन समूहांमधला दुरावा निवडीनेच आणखी वाढेल. या प्रक्रियेला आज वॉलेसचेच नाव आहे.

ताप उतरल्यावर लिहिलेला तो निबंध वॉलेसने डार्विनला पाठवला, कारण डार्विनला या विषयात रस आहे हे त्याला पत्रव्यवहारातून माहीत होते. १८ जून १८५८ रोजी डार्विनच्या हाती तो पडला आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. वीस वर्षे तो स्वतः याच सिद्धांतावर काम करत होता आणि छापले काहीच नव्हते. त्याच दिवसांत त्याचे तान्हे मूल तापाने दगावले. लायल आणि हूकर या मित्रांनी मार्ग काढला. १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत डार्विनचे जुने उतारे आणि वॉलेसचा निबंध एकत्र वाचले गेले, डार्विनचे आधी, वॉलेसचे नंतर. वॉलेस तेव्हा हजारो मैल दूर होता. त्याला कुणी विचारले नाही.

आपल्याकडे अशी गोष्ट सांगितली की लगेच निष्कर्ष निघतो, श्रीमंताने गरिबाचे श्रेय चोरले. आम्हालाही सुरुवातीला तसेच वाटले होते. पण पुरावा तसा नाही. डार्विनने १८४२ आणि १८४४ मध्ये हा सिद्धांत लिहून ठेवला होता, ती कागदपत्रे आजही आहेत. चोरी झाली नाही. पण न विचारता निबंध वाचला गेला आणि कुणाचे नाव आधी यायचे हे वजनदार मित्र असणाऱ्याच्या बाजूने ठरले, हेही तितकेच खरे. वॉलेसने मात्र कधी कुरकुर केली नाही. मोठमोठे लोक आपला निबंध ऐकतात याचाच त्याला आनंद होता. त्या १८८९ च्या ग्रंथाचे नावही त्याने ‘डार्विनिझम’ ठेवले.

त्या मुलाच्या प्रश्नाची एक गंमत पुढेच आहे. फक्त लायक तेच टिकतात या अर्थाचा जो इंग्रजी वाक्प्रचार आरक्षणविरोधकांच्या तोंडी असतो, तो मूळ हर्बर्ट स्पेन्सरचा. डार्विनने तो वापरावा असा आग्रह धरला तो वॉलेसने, १८६६ मध्ये. निवड म्हटले की लोकांना कुणीतरी निवडणारा बसला आहे असे वाटते, देव मागच्या दाराने आत येतो, म्हणून हा शब्द बदलावा असे त्याचे म्हणणे. हेतू चांगला होता. पण देवाला बाहेर काढण्यासाठी आणलेला तो शब्द गिरणीमालकांनी, साम्राज्यवाद्यांनी आणि वंशश्रेष्ठत्ववाद्यांनी उचलला. तिथे लायक याचा अर्थ त्या परिस्थितीला जुळणारा, एवढाच होता. श्रेष्ठ असा अर्थ नव्हताच.

आणि याच माणसाने तीन वर्षांनी देवाला जवळपास परत आणले. १८६५ पासून वॉलेस मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांना जाऊ लागला होता. १८६९ मध्ये त्याने लिहिले की माणसाचा मेंदू नैसर्गिक निवडीने घडू शकत नाही, त्यामागे काहीतरी उच्च शक्ती असली पाहिजे. डार्विन हे वाचून हादरला. गंमत अशी की वॉलेसचा युक्तिवाद एका खऱ्या निरीक्षणावर उभा होता. तो बोर्निओच्या दयाक लोकांत राहिला होता, ॲमेझॉनच्या आदिवासींसोबत फिरला होता. त्यांची बुद्धी युरोपियनांपेक्षा कमी नाही हे त्याने पाहिले होते, तेही जेव्हा लंडनचे बहुतेक विद्वान उलटे सांगत होते. त्याच्या लिखाणातही रानटी वगैरे शब्द आहेतच, त्या काळापासून तोही पूर्ण सुटलेला नव्हता. पण मेंदू सारखाच आहे हे त्याने मान्य केले. मग जंगलात राहायला एवढा मेंदू लागतो कशाला, असे त्याने विचारले आणि तिथे घसरला. जंगलात जगायला किती बुद्धी लागते याचा अंदाज त्याला आठ वर्षे राहूनही आला नाही, असे आम्हाला वाटते.

बुद्धाने कर्ता ईश्वर नाकारला आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आत्माही नाकारला. त्यामुळे वॉलेसचा हा भाग आपल्याला सोडून द्यावा लागतो. सोबत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उत्क्रांती बुद्धाला अडीच हजार वर्षांपूर्वीच माहीत होती, असे संदेश आपल्या ग्रुपवर फिरत असतात. ते थांबवावेत. सगळे काही अनित्य आहे आणि कारणांतून घडते, ही बुद्धाची शिकवण या सिद्धांताशी भांडत नाही, इतके म्हणणे पुरेसे आहे. पुष्पक विमानाला हसणाऱ्यांनी आपले विमान उडवू नये.

वॉलेसचे घोळ एवढ्यावर थांबत नाहीत. देवीच्या सक्तीच्या लसीला त्याने वर्षानुवर्षे विरोध केला. सरकारने गरिबांवर सक्ती करू नये हा त्याचा मुद्दा होता, पण आकडेवारीच्या मांडणीत तो चुकला होता. देवीचा रोग शेवटी लसीनेच जगातून गेला. १८७० मध्ये पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या एकाशी त्याने ५०० पौंडांची पैज लावली, एका सरळ कालव्यावर मोजणी करून ती जिंकली आणि नंतर पुढची अनेक वर्षे त्या माणसाच्या शिव्या आणि कोर्टाचे खर्च सोसले. फेसबुकवर रात्री दोनपर्यंत वाद घालणाऱ्या आमच्या मित्रांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

पैसा त्याच्याजवळ कधी टिकला नाही. कायमची नोकरी मिळाली नाही, गुंतवणूक बुडाली, लेख लिहून आणि परीक्षेचे पेपर तपासून त्याने संसार चालवला. १८८१ मध्ये डार्विनने खटपट करून त्याला वर्षाला २०० पौंडांची सरकारी पेन्शन मिळवून दिली. दुसऱ्या वर्षी डार्विन गेला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांच्या मानात वॉलेसही होता.

म्हातारपणी तो उघड समाजवादी झाला. तोवर डार्विनचा आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन याने सुप्रजननाचा विचार पुढे आणला होता, म्हणजे चांगल्या वंशाच्यांनी जास्त मुले जन्माला घालावीत आणि हलक्यांना रोखावे. अनेक नामवंत शास्त्रज्ञ त्यामागे गेले. नैसर्गिक निवडीचा सहशोधक मात्र विरोधात उभा राहिला. १८९० च्या लेखात त्याने म्हटले की ज्या समाजात एकाला जन्मतः सगळे मिळते आणि दुसऱ्याला उपाशी राहावे लागते, तिथे कोण लायक हे ठरवणार कसे? संपत्ती पैशाच्या पेटीत जन्मते, रक्तात नाही. आधी सर्वांना समान संधी द्या, स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे राहू द्या, जोडीदार त्यांना स्वतः निवडू द्या. १९१२ मध्ये, नव्वदीला टेकला असतानाही, त्याने सुप्रजननवाद्यांना विज्ञानाच्या नावाने लुडबुड करणारी नवी पुरोहितशाही ठरवले.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी वॉलेस गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले होते. मे १९१६ मध्ये तिथे वाचलेल्या जातीवरच्या निबंधात त्यांनी दाखवले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, आणि ती हद्द राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांनी स्त्रीला जखडले गेले. बाबासाहेबांनी वॉलेसवरून हे घेतले असे आम्ही म्हणत नाही. दोघे वेगवेगळ्या वाटांनी स्त्रीच्या निवडीपाशी आले.

इथे आपल्या भाषेतला एक घोटाळा आड येतो. शाळेच्या जीवशास्त्रात ज्याला जाती म्हणतात, तो शब्द आणि दाखल्यावरची जात एकच. वाघ ही जाती आणि महार ही जात. वर्गात बसलेल्या पोराला दोन्ही निसर्गाने केलेल्या वाटणार नाहीत तर काय? म्हणूनच या लेखात आम्ही वर्तमानपत्रांत रुळलेला प्रजाती हा शब्द वापरला. दोन प्रजातींमध्ये समुद्र असतो, डोंगर असतो, नाहीतर शरीरच जुळत नाही. दोन जातींमध्ये यातले काहीच नाही. आंतरजातीय जोडप्याच्या घरी जाऊन पाहा, मूल धडधाकट असते. जोडप्याला मारायला येतो तो निसर्ग नसतो. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी हेच मांडले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, जात ही एकाच वंशाच्या लोकांची समाजाने केलेली वाटणी. वंशशुद्धीसाठी जात हा दावा त्यांनी तिथेच खोडून काढला. आपसांतच लग्ने करत राहिल्याने शरीरावर परिणाम झालाच, तर तो काही समाजांत ठरावीक आनुवंशिक आजार वाढण्याचा झाला, श्रेष्ठत्वाचा नव्हे. अभ्यासवर्गातल्या त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी एवढे सांगितले. तो म्हणाला, कॉलेजात हे बोलायला वेळ कुणी देत नाही. तेही खरेच.

एक नाव मात्र सांगायचे राहिले. सारावाकमध्ये वॉलेसला अली नावाचा पंधराएक वर्षांचा मलाय मुलगा मिळाला. आधी स्वयंपाकाला म्हणून आला, मग नेम धरायला शिकला, पक्षी सोलून त्यात भुसा भरायला शिकला, आजारात वॉलेसची शुश्रूषा केली, होड्या चालवणाऱ्यांना सांभाळले. ऑक्टोबर १८५८ मध्ये बाचान बेटावर एक विलक्षण पक्षी तो घेऊन आला, छातीवर हिरवी झळाळी आणि खांद्यांवर चार लांब पांढरी पिसे असलेला. विज्ञानाला तो पूर्णपणे नवा होता. त्याच्या शास्त्रीय नावात वॉलेसचे नाव आहे, अलीचे नाही. १८६२ मध्ये मायदेशी निघण्याआधी वॉलेसने सिंगापूरला अलीचा फोटो काढून घेतला, त्याला पैसे आणि बंदुका दिल्या. पुढे तो फोटो त्याने आत्मचरित्रात छापला. १९०७ मध्ये टॉमस बार्बर नावाचा एक अमेरिकन अभ्यासक तेर्नाते बेटावर रस्त्याने चालला होता. एक सुरकुतलेला म्हातारा त्याच्यासमोर येऊन थांबला आणि त्याने आपली ओळख सांगितली, अली वॉलेस.